गाडी सरळ जाणारच!

गाडीतला बिघाड शोधायला मेकॅनिकच लागतो, असं म्हणणाऱ्या माणसानं कधी बैल पाळलेला नसतो! बैल एका बाजूला ओढायला लागला तर आपण काय करतो? खूर बघतो, जू बघतो, मान बघतो. गाडीचंही तेच. उलट गाडी बरी, लाथ तरी मारत नाही!

माझी गाडी छोटी, पांढरी, चार दारांची. वय झालंय, पण इंजिन अजून पहिल्या हाकेला ओ देतं. तिला खोड एकच लागली. स्टेअरिंग फिरवलं की ती आधी विचार करायची आणि मग वळायची. सरळ रस्त्यावर तर वरातीत नाचणाऱ्या मामासारखी, एकदा या कडेला, एकदा त्या कडेला!

माझी लेक क्रांती दोन गल्ल्या सोडून राहते. एकदा ती माझ्याबरोबर रंकाळ्यापासून घरापर्यंत आली. उतरली ती दाराला धरूनच.

"आबा, ही गाडी न्हवं, पाळणा हाय! रविवारी भंगारवाल्याला बोलावते."

"रविवारी मी तुझ्या आईला वाडीला देवदर्शनाला नेणार हाय."

"ह्या गाडीतनं?"

"ह्याच गाडीतनं! आणि सरळ!"

क्रांती शाळेत मास्तरीण आहे. परीक्षा घेतल्याशिवाय तिला चैन पडत नाही. म्हणाली, "बरं. मी माझ्या गाडीतनं मागनं येते. वाडीला पोचोस्तवर एकदा जरी वाकडी गेली, तर तिथनंच भंगारवाल्याला फोन. कबूल?"

"कबूल!"

आमची मंडळी, म्हणजे धोंडुबाई, अंगणात तांदूळ निवडत होती. तिनं सूप आपटलं. "बरं बोलली पोरगी! ह्या घरात आता ही गाडी तरी ऱ्हाईल, न्हायतर मी!"

आमच्या गल्लीच्या तोंडाला तालीम आहे. अंगणात बोललेलं तिथं ऐकू जातं. धोंडुबाईचं जरा पुढच्या चौकातही जातं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी कामाला लागलो. आधी खूर, म्हणजे टायर! अक्षरओळख मला उतारवयात झाली, पण आकडा मी लहानपणापासून ओळखतो. टायरच्या बाजूवर बारीक आकडा कोरलेला होता. एक्कावन्न! म्हटलं, बघा, कंपनीनं स्वतः लिहून ठेवलंय आणि लोक विचारत फिरतात! पंपावर गेलो.

"एक्कावन्न भर."

हवावाला माझ्याकडं बघतच राहिला. "आबा, ट्रक कुठं हाय?"

"टायरवर कोरलंय! तू कंपनीपेक्षा शाना हाईस व्हय?"

भरली त्यानं. आणि गाडी जी निघाली! आधी नुसती हेलकावे खात होती, आता टणाटणा उड्याही मारायला लागली. खड्डा तर सोडाच, रस्त्यात पडलेल्या केळ्याच्या सालीवरून गेली तरी डोकं टपाला! मग कळलं, तो आकडा म्हणजे टायर जास्तीत जास्त किती सोसतं, तो. मी पंपावर परत गेलो. हवावाल्यानं एक शब्द न बोलता हवा कमी केली. तो बोलला असता तर बरं वाटलं असतं.

मग चाकं सरळ लावून देणाऱ्या दुकानात गेलो. तिथल्या टोपीवाल्या पोरानं स्टेअरिंग दोन बोटांनी इकडं तिकडं हलवलं आणि हसला. "ह्याला लई प्ले आलाय, आजोबा. स्टेअरिंग हलतंय आन् चाक झोपलंय. कुठला तरी जॉइंट ढिला झालाय. तो बदलल्याबिगर मी हात लावत न्हाय."

"कुठला जॉइंट?"

"गाडी सोडून जावा. चार दिवसांनी बघतो."

चार दिवसांनी? तोवर रविवार उजाडून मावळला असता! आणि बैल आपला असताना खूर दुसऱ्यानं का बघायचा? पोराला मी एवढंच विचारून घेतलं, की तुम्ही जॉइंट शोधता कसा? तो म्हणाला, "सोपं हाय. एकानं आत बसून स्टेअरिंग हलवायचं, दुसऱ्यानं खाली झोपून बघायचं."

घरी आलो. गाडी दारात उभी केली, चाकांना मागून पुढून विटा लावल्या आणि धोंडुबाईला हाक मारली.

"अगं, जरा ये. स्टेरिंगवर बसायचं हाय."

"मी? माझ्या सात पिढ्यांत कोण बसलं न्हाय!"

"गाडी बंद हाय. नुसतं डावं-उजवं करायचं. ताक घुसळतीस तसं."

ताक म्हटल्यावर ती तयार झाली. ड्रायव्हरच्या जागेवर पदर खोचून बसली. मी पुढच्या बाजूनं पोतं टाकून गाडीखाली सरकलो. अंगानं मी वाळकाच, तरी कंबरेपर्यंतच गेलो. पाय बाहेर राहिले.

"हलीव!"

तिनं हलवलं. कुठं तरी टक्-टक् वाजलं.

"जोरात!"

तिनं जोरात हलवलं. टक्-टक्! पण आवाज डावीकडून की उजवीकडून, काही कळेना. चाकं जमिनीत घट्ट रुतलेली.

"अजून जोरात! सोडू नगंस!"

बाईनं गाडीशी कुस्तीच मांडली. घामाघूम झाली, कोपर हॉर्नवर पडलं आणि हॉर्न तिथंच अडकला. पोंऽऽऽऽ! मी खालून ओरडतोय, ती वरून ओरडतेय, "किती येळ? माझं हात गळाय लागलं!" आणि त्या हॉर्नखाली आमचं एकमेकांचं काहीच ऐकू येत नव्हतं.

समोरच्या माडीवर सुगराभाभी कपडे वाळत घालत होत्या. त्यांना वरून काय दिसलं, तुम्हीच सांगा! गाडीखालून निघालेले माझे दोन पाय. स्टेअरिंगवर डोळे वटारलेली धोंडुबाई. आणि आदल्या दिवशीची ती गर्जना कानात ताजी!

"या अल्ला! धावा रे! धोंडुबाईनं आबांवर गाडी घातली!"

आता दुसरं गाव असलं तर लोक आधी विचारतात, मग बघतात, मग उचलतात. आमच्याकडं आधी उचलतात! तालमीतून राजवीर पैलवान लंगोटावरची माती झटकत धावला, मागून अजून दोघं. एकानं एक कोपरा, दुसऱ्यानं दुसरा आणि मधे बंपरला राजवीर.

"बोला बजरंगबलीऽऽ!"

आणि माझ्या डोक्यावरून गाडी वर गेली! एकदम उजेड पडला. मला वाटलं, देवानंच दार उघडलं. पुढची दोन्ही चाकं हवेत मोकळी लोंबत होती.

"आबा, निघा बाहेर!" राजवीर ओरडला.

बाहेर? मी सकाळपासून ज्या संधीची वाट बघत होतो, ती आज तीन पैलवानांनी माझ्या डोक्यावर धरली होती!

"ठेवू नका! असंच धरा!" मी पडल्या पडल्या उजवं चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं. घट्ट! सरपटत डावीकडं गेलो.

"डोक्याला मार लागलाय!" सुगराभाभी वरून म्हणाल्या. कुणीतरी माझ्या पायांवर तांब्याभर पाणी ओतलं. रस्त्यानं जाणाऱ्या एकानं मोटारसायकल थांबवली.

"काय झालं हो पावणं?"

"बाईनं नवऱ्यावर गाडी घातली!"

"कुठली गाडी?"

"हीच की, जुनी!"

"मग लई लागलं नसंल!" म्हणत तो गेला.

"आबाऽ, हात सुटाय लागलं!" राजवीरच्या कपाळाच्या शिरा फुगल्या होत्या.

"पैलवान हाईस का खुळखुळा? दम धर!"

मी डावं चाक हलवलं आणि काय सांगू! चाक खुळखुळलं! स्टेअरिंगकडून चाकाकडं येणाऱ्या दांडीच्या टोकाचा जॉइंट म्हाताऱ्याच्या दातासारखा हलत होता. टक्-टक्! टक्-टक्!

"सापडलं!" मी ओरडत बाहेर आलो. "टायरॉड! डाव्या बाजूचा टायरॉड!"

पैलवानांनी गाडी खाली ठेवली. गाडी खाली आली, पण बंपर राजवीरच्या हातातच राहिला. हॉर्न आपोआप बंद झाला. धोंडुबाई आतून म्हणाली, "हे सगळे कवा आले?"

तेवढ्यात क्रांती धापा टाकत पोचली. गर्दी बघून तिचा चेहरा पांढराफटक. "कोण गेलं?"

"बंपर," राजवीर खाली मान घालून म्हणाला.

त्याच दुपारी उद्यमनगरात जाऊन नवा जॉइंट बसवला, बंपर तारेनं आवळला. गाडी सुतासारखी सरळ! मी एका हातानं चालवत घरी आलो.

रविवार उजाडला. धोंडुबाईनं ठेवणीतलं हिरवं इरकल नेसलं, गजरा माळला आणि पुढचं दार स्वतः उघडून बसली. "इतकी वर्सं पुढच्या सीटवर तुमचं पावणं, न्हायतर दुधाची किटली. आज वाडीपतोर मी पुढं!"

आणि मागचं दार उघडून आत शिरले तीन पैलवान!

"हे काय?"

"मीच बोलावलं," धोंडुबाई म्हणाली. "माझं कुंकू वाचवाय धावली पोरं. देवाच्या पाया पडतील, बासुंदी खातील."

गाडी मागं बसली, तोंड आभाळाकडं झालं. हातकणंगल्याच्या अलीकडं मला घाम फुटला. स्टेअरिंग हलकं, पुढची चाकं नुसती रस्त्याला गुदगुल्या करतायत आणि गाडी परत तरंगायला लागलेली! आरशात बघितलं, मागं क्रांतीच्या गाडीचा दिवा लुकलुकतोय. फोन वाजला.

"आबा, वाकडी चाललीया!"

"खड्डा चुकवला!"

"दुसऱ्यांदा दिसली तर फोन लावणार!"

मी रसवंतीगृहाशी गाडी थांबवली. कारण लख्ख दिसत होतं. वजन सगळं मागं. पुढं एक पैलवान आला, तर चाकं रस्ता धरणार. मी धोंडुबाईकडं बघितलं. तिनं माझ्याकडं.

"मी? मागं? ह्या दोघांच्या मधी?"

"वाडीपतोरच गं! गाडी जाईल भंगारात!"

तिनं पदर सावरला. उतरली. राजवीर पुढं बसला, गाडीनं तोंड खाली केलं, थोडी डावीकडं कलली, पण रस्ता धरला तो धरलाच! वाडीपर्यंत एक रेघ! मागून मात्र अधूनमधून "जरा सरका रे पोरांनो" एवढंच ऐकू येत होतं. इरकल चुरगळलं, गजरा कुणाच्या तरी दंडाखाली गेला.

देवळाच्या वाटेवर क्रांतीनं हात जोडले. "मानलं, आबा. गाडी ऱ्हाऊ दे!"

जिंकलो! दर्शन झालं, पैलवानांनी बासुंदी किती खाल्ली ते विचारू नका. मी रुबाबात गाडीचं मागचं दार उघडलं. "चला, बसा!"

धोंडुबाई क्रांतीच्या गाडीत बसली होती. पुढच्या सीटवर. पट्टा लावून. मी काचेवर टकटक केलं, तिनं काच चार बोटं खाली घेतली.

"तुमची गाडी लई सरळ जातीया न्हवं? मग जावा की सरळ!"

काच वर गेली. मी गेलो सरळ. कोल्हापूर येईपर्यंत राजवीर माझ्या खांद्यावर डोकं टेकून घोरत होता.