शिंगाडे सरांचं बांधलेलं बिऱ्हाड

शिंगाडे सरांकडे चहाला जायचं म्हणजे आधी बिऱ्हाड सुटायची वाट बघावी लागायची. "बसा" म्हणून ते एका लोखंडी पेटीकडे हात दाखवायचे. मग दुसऱ्या पेटीची दोरी सोडायची, आतून वर्तमानपत्रात गुंडाळलेले कप निघायचे, चहा व्हायचा, आणि आपला शेवटचा घोट घशाखाली उतरायच्या आत सर कप धुऊन, पुसून, पुन्हा कागदात गुंडाळून पेटीला गाठ मारून मोकळे. कोणाला दुसरा कप हवा असेल तर त्यानं तसं आधीच सांगायचं. आमचा मुलगा बालवाडीत होता तेव्हा सर पुंडलिकनगरच्या आमच्या गल्लीत राहायला आले. तो सहावीत गेला तरी त्यांचं सामान काही लागलं नव्हतं.

का, असं विचारलं की सर आवाज खाली आणायचे. "राजधानी हलायला वेळ लागत नाय, ताई. हलायची वेळ आल्यावर दोऱ्या शोधत बसणारे मागं राहतात." दिल्लीच्या सुलतानानं अख्खी दिल्ली इथं आमच्या शेजारी दौलताबादेला आणली आणि परत नेली, हे ते असं सांगायचे की जणू परवाच आमच्या गल्लीतून बैलगाड्या गेल्या.

सर कन्नड गावातल्या एका शाळेत इतिहास शिकवायचे. वडिलांकडे मेंढरं होती, लहानपण मेंढरांमागं रानोमाळ चालण्यात गेलं, आणि घरात शिकून मास्तर झालेले हे पहिलेच. मूलबाळ नाही. बायको वारल्यावर कन्नडचं घर त्यांना खायला उठलं म्हणून इथं आले. एक पुतण्या तेवढा निफाडकडे कालव्याखाली शेती करतो. माणूस इतका एकटा, पण बोलायला लागला की चार घराणी, दोन वेढे आणि एक दुष्काळ सोबत घेऊन बोलायचा.

त्यांचं ठरलेलं वाक्य म्हणजे "हे आधी झालंय." वीज गेली, हे आधी झालंय. दूध नासलं, हे आधी झालंय. मुलाला गणितात कमी मार्क पडले तेव्हा मी त्याला अंगणात उभा करून झाडत होते, तर सर फाटकावरून गंभीरपणे म्हणाले, "हे आधी झालंय." आतून सासूबाई म्हणाल्या, "झालंय की. याच्या बापाच्या वेळी."

आणि दुसरी सवय म्हणजे समोर माणूस दिसला की "किती दिवसांचं?" असं विचारायचं. नमस्कार नाही, बरंय का नाही. किती दिवसांचं म्हणजे घरात पाणी किती दिवसांचं आहे. गल्लीतल्या एका नव्या जावयाला त्यांनी सासऱ्याच्या दारातच हे विचारलं. त्याला वाटलं, आपण किती दिवस राहणार हे विचारताहेत. तो बिचारा संध्याकाळच्या गाडीनं परत गेला.

शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर सात मजली इमारत उठायला लागली तेव्हा सर रोज तिथं जाऊन उभे राहायचे. बोअरची गाडी आली, दिवसभर जमिनीत धडधड चालली, आमच्या मांडणीतली ताटं थरथरली. सर घरी येऊन पेटीवर बसले. म्हणाले, "ज्यानं पूर्वी इथं नहर आणली, जमिनीखालनं पाण्याचा पाट, त्यानं आधी पाणी आणलं, मग माणसं. आता आधी माणसं आणतात. मग फ्लॅट विकतात. मग टँकरला फोन करतात." मी हसले. पण त्या रात्री निजायच्या आधी एक जास्तीची कळशी भरून ठेवली.

एकदा गल्लीची सहल त्यांनी देवगिरीच्या किल्ल्यावर नेली. आम्ही फोटो काढायला, डबे खायला गेलो होतो. सरांनी सगळ्यांना उन्हात हौदाजवळ उभं करून वेढ्याची गोष्ट सांगितली. गडावर पोती रचलेली, राजाला वाटलं धान्य भरपूर आहे, आपण महिनोन् महिने लढू. आणि ऐन वेढ्यात पोती उघडली तर आत मीठ निघालं. "शत्रूनं नाय हरवलं," सर म्हणाले, "न उघडलेल्या पोत्यानं हरवलं. म्हणून पोतं उघडून बघायचं. कोण म्हणतंय भरलेलं हाय, त्याच्यावर जायचं नाय." त्या संध्याकाळी गल्लीतल्या यच्चयावत बायकांनी आपापले डबे उघडून पाहिले. माझ्या तुरीच्या डाळीत किडे निघाले. सरांना सांगितलं तर म्हणाले, हे आधी झालंय.

रोज दिवेलागणीला सर गल्लीतून एक चक्कर मारायचे. नुसती चक्कर नव्हे, प्रत्येक फाटकापाशी थांबून आत बघायचे, कोणी दिसलं की पुढं सरकायचे. नवीन भाडेकरूंना हे चमत्कारिक वाटायचं. एकीनं तर त्यांच्याविषयी माझ्याकडे तक्रारही केली. मी सरांना विचारलं, तर म्हणाले, "मागची फेरी आहे." एवढंच. मला वाटलं, डॉक्टरांनी चालायला सांगितलं असेल.

या फेरीत त्यांना न चुकता शिव्या घालणाऱ्या म्हणजे निर्मलाकाकू. काकूंचं घर सरांच्या घराला लागून, मध्ये कमरेएवढी भिंत. काका गेलेले, मुलगा सतीश पुण्याला, गुडघे दुखरे, आवाज खणखणीत. सरांनी भिंतीकडेला पाण्याचे निळे ड्रम ओळीनं मांडले होते, त्यावरून रोज वाजायचं. "सर, तुमच्या इतिहासात डास झालेत," काकू म्हणायच्या. सर ड्रमवर आणखी एक फडकं बांधायचे. उलट बोलायचे नाहीत. गल्लीत ते फक्त काकूंनाच घाबरत, असं आम्ही म्हणायचो.

मग ती कोरडी वर्षं आली, एकामागून एक. पहिल्या वर्षी आम्ही सरांची चेष्टा केली. दुसऱ्या वर्षी ड्रम विकत आणले. तिसऱ्या वर्षी चेष्टा करायला कोणाच्या तोंडात पाणी उरलं नाही. जायकवाडीत गाळ दिसायला लागल्याचे फोटो रोज पेपरात. नळाला पाणी कधी येईल ते कोणी सांगेना. करमाडहून दूध घालायला येणारा म्हणाला, म्हशी विकल्या, उद्यापासून येत नाही. माझा नवरा शेंद्र्याच्या एका कारखान्यात आहे, तिथं पाळ्या कमी होणार अशी बोलणी सुरू झाली. आणि मार्च सरताना गल्लीचा बोअर गेला. मोटार नुसतीच घरघरायची आणि नळ सोडला की आतून एक लांब सुस्कारा यायचा. त्या आवाजाची मला इतकी भीती बसली की मी नळाला हात लावायचंच सोडून दिलं.

टँकर यायचा, नाहीतर यायचा नाही. आला की एरवी एकमेकींच्या बाळंतपणाला धावलेल्या बायका पाइपसाठी एकमेकींना ढकलायच्या. मीही ढकललं. सर दुरून बघायचे आणि त्यांचा चेहरा उतरायचा. आता ते "हे आधी झालंय" म्हणत नव्हते. त्यांच्या तोंडून ते ऐकू येईना याचीच जास्त भीती वाटायला लागली.

मे उजाडला आणि गल्ली रिकामी व्हायला लागली. कोणी माहेरी, कोणी लेकाकडे, सुट्टीचं नाव सांगून कुलपं लागली. आमचंही नाशिकला माझ्या भावाकडे जायचं ठरलं. अशात एका सकाळी सरांचा पुतण्या निफाडहून टेम्पो घेऊन आला. आम्हाला वाटलं, चला, या माणसाच्या जन्मभराच्या तयारीचं सार्थक झालं. सगळं बांधलेलंच असल्यानं सामान बघता बघता चढलं. फक्त ड्रम भरलेले होते म्हणून खालीच होते. ते ज्याला हवे त्यानं न्यावेत, असं सर म्हणाले. मी वाटेत खायला दशम्या बांधून घेऊन गेले. पुतण्यानं टेम्पो चालू केला.

"थांब जरा," सर म्हणाले. "मागची फेरी राहिली."

ते गल्लीच्या टोकापर्यंत गेले. प्रत्येक फाटकात वाकून बघत, कुलपं बघत परत आले. पुतण्या हॉर्न वाजवत होता. सर काकूंच्या फाटकाशी थांबले. काकू पायरीवर बसल्या होत्या. सरांनी नेहमीसारखं विचारलं, किती दिवसांचं?

"भरपूर आहे," काकू म्हणाल्या. "तुम्ही व्हा पुढं. सतीश येतोय न्यायला. मी मागून येते."

सरांचा हात फाटकावर तसाच राहिला. मी दशम्यांचं फडकं घेऊन मागं उभी होते. त्यांच्या मानेवरचा घाम मला दिसला. मग इतक्या वर्षांत कधी केलं नव्हतं ते त्यांनी केलं, न विचारता फाटक उघडून आत गेले आणि काकूंच्या ड्रमवरचं झाकण उचललं.

ड्रम कोरडा होता. तळाला लाल माती आणि एक स्टीलचा पेला पडला होता. त्या पेल्यानं खरवडल्याचे ओरखडे मातीत दिसत होते. काकू आमच्याकडे बघेनात. ज्यांना ड्रमावरून रोज बोलल्या त्यांच्याकडे कळशीभर मागायचं कसं, म्हणून गप्प बसल्या होत्या. समोरच राहणाऱ्या मलाही कळलं नव्हतं.

"सतीश कधी येतोय?" सरांनी विचारलं.

"येतो म्हणालाय."

"कधी म्हणाला?"

काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मागच्या दिवाळीत," त्या म्हणाल्या.

सर टेम्पोपाशी गेले आणि पुतण्याला म्हणाले, उतरव. त्यानं विचारलं, काय उतरवू. सर म्हणाले, सगळं. पुतण्या चिडला. निघायचं निघायचं म्हणून जन्म काढलात आणि खरंच निघायची वेळ आली तर हे काय, इथं राहून मरायचंय का, असं बरंच बोलला. काकूंनाही घेऊ या, असं मी सुचवलं, तर काकू म्हणाल्या, परक्याच्या दारात मी जाणार नाही, आणि मी माझं बघून घेईन, तुम्ही जा सगळे. सर कोणाशीच वाद घालत नव्हते. एक पेटी स्वतःच ओढून त्यांनी अंगणात आणली आणि तिच्यावर बसले.

तिथं बसून त्यांनी मागच्या फेरीचं सांगितलं. मोठा दुष्काळ होता, बहात्तरचा. सर लहान होते. मेंढरांचा तळ हलवायचा होता, पुढं पाणी आहे असं कोणीतरी सांगितलं होतं. त्यांच्यात तळ हलला की एकानं मागं फिरून जागा बघून यायची, कोकरू राहिलं का, भांडं राहिलं का, म्हातारं माणूस राहिलं का. ती मागची फेरी. ते काम सरांच्या आईचं. त्या वर्षी चुलत्याचा पाय सुजला होता.

"चुलता म्हणला, तुम्ही व्हा पुढं, मी मागून येतो," सर म्हणाले. "आई फेरी मारायला निघाली तर बाप म्हणला, वेळ नाय. पुढचं पाणी दुसरे नेतील. आम्हाला बी वाटलं, म्हणतोय ना येतो. सगळ्यांना भ्या वाटत होतं, ताई, म्हणून सगळ्यांनी खरं मानलं. मेंढरं वाचली."

चुलत्याचं काय झालं ते मी विचारलं नाही. काकू उठल्या, गुडघ्यावर हात टेकत भिंतीपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "त्या शेवटच्या ड्रमावर फडकं नाही बांधलेलं. डास होतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नाशिकला निघालो. आम्ही राहिलो असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं, पण मुलगा लहान होता, आणि मला त्या नळाचा सुस्कारा ऐकवत नव्हता. नवरा गाडीत सामान भरत होता. मी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. फाटकं, कुलपं, एका गच्चीवर विसरलेला टॉवेल. माणूस कोणी नव्हतं. शेवटी सरांकडे डोकावले.

सगळ्या पेट्यांच्या दोऱ्या सुटल्या होत्या. वळकटी खाटेवर पसरलेली. आणि भिंतीवर सरांच्या बायकोचा फोटो, जो इतक्या वर्षांत आम्ही कोणी पाहिलाच नव्हता. ती अशी हसरी असेल असं मला वाटलं नव्हतं. अंगणात चहा चालला होता, सर भिंतीच्या अलीकडे, काकू पलीकडे.

"सर, किती दिवसांचं?" मी विचारलं.

सरांनी ड्रमांकडे पाहिलं. एरवी उत्तर त्यांच्या जिभेवर असायचं. "दोघांचं धरून बघावं लागंल," ते म्हणाले.

"भीती नाही वाटत?"

"लई वाटती."

मग मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी विचारलं, "हे आधी झालंय का, सर?"

त्यांनी भिंतीपलीकडे काकूंच्या कपाकडे पाहिलं.

"नाय," ते म्हणाले. "हे आधी नाय झालं."

काकूंनी अजून अर्धा कप मागितला. सरांनी दिला. चहा झाल्यावर त्यांनी दोन्ही कप थोडक्या पाण्यात विसळले, आणि कागद न शोधता मधल्या भिंतीवर पालथे घालून ठेवले.