नीळकंठरावांच्या खर्जपेटीची मोहीम

श्रीगजानन प्रसन्न. शके अठराशे ऐंशी, विलंबी नाम संवत्सर, मुक्काम भोपाळ, तात्या टोपे नगर, सरकारी क्वार्टरांची वस्ती. ते स्थळी खर्जाची जी मोहीम जाहली तिची हकीकत साद्यंत लिहून ठेवावी, ऐसी मंडळींची आज्ञा. लिहिणार गोपीनाथ, जो मोहिमेत तबल्यावर होता आणि ज्याने पराक्रम म्हणावा ऐसा एकही केला नाही. सबब त्याचे लिहिणे निःपक्षपाती मानावे.

पूर्ववृत्तांत ऐसा की, राज्यपुनर्रचनेचा हुकूम सुटला, नागपूरची राजधानी उठली, आणि सचिवालयाची दफ्तरे, कपाटे व त्यांस चिकटलेले कारकून रेलगाडीने भोपाळास रवाना जाहले. त्यांतच पाटबंधारे खात्याचे कारकून राजश्री नीळकंठराव, कबिला कमलिनीबाई यांसह, दाखल जाहले. नवा मुलूख, ओळख ना पाळख, संध्याकाळ खावयास उठे. मग त्याच वस्तीतील शांतारामपंतांचे व्हरांड्यात गाण्याची फौज उभी राहिली. पंत अकॉर्डियनवर, आणि आवाज चढा म्हणून तेच सेनापती, सिंधूबाई गावयास, सदरहू लेखक तबल्यावर. नीळकंठरावांनी कोण्या बरखास्त बँडचा डबल बेस जुन्या बाजारातून पैदा केला. हे वाद्य म्हणजे सारंगीचा थोरला आजा. उंची माणसाहून अधिक, तारा चार, कामगिरी एकच, की सर्वांचे पायाशी खर्ज धरून ठेवावा.

परंतु तो खर्ज कोणास ऐकू येईना. गेले गणेशोत्सवात नीळकंठरावांनी घाम गाळून वाजविले, आणि कार्यक्रम उरकल्यावर एका मातबर इंजिनिअरसाहेबांनी पृच्छा केली, "मागे ते कपाट धरून उभे होते, ते कोण?" नीळकंठराव हसले. घरी जाऊन जेवले मात्र नाहीत.

यंदा श्रावण लागताच मसलत बसली आणि ठराव जाहला की, आवाज वाढविणारे यंत्र व लाउडस्पीकर एकाच पेटीत, ऐसा अँप्लिफायर खर्जासाठी खरीदावा. खजिन्यात खडखडाट. तेव्हा कमलिनीबाईंनी टेबलफॅनसाठी राखलेली पुंजी पुढे ठेविली.

नीळकंठराव म्हणाले, "अगं, उकाडा तुलाच सोसत नाही."

"मी पहिल्या रांगेत बसले होते," बाई म्हणाल्या. "दोन तास तुमच्याकडे बघत होते. ऐकू काहीच आलं नाही. मला ऐकायचंय."

यावर फौजेने कूच केले.

डबल बेस पांढऱ्या चादरीत लपेटून टांग्यात आडवा घातला. त्याची मान बाहेर राहिली, ती लेखकाने धरिली. बाकीचे मागून पायी, मुद्रा गंभीर. जवाहर चौकात एका दुकानदाराने उठून उभे राहून मस्तक लवविले, आणि एका वृद्ध गृहस्थांनी टांग्यास हात लावून चार पावले साथ दिली. त्यांस खुलासा करण्याची हिंमत कोणाचीच जाहली नाही.

पहिले ठाणे मंडपवाल्याचे. त्याने मायक्रोफोन रुमालाने वाद्याचे पोटास बांधिला आणि तारेस पत्र्याचा भोंगा जोडिला. नीळकंठरावांनी सर्वांत जाड तार छेडिली, तो भोंग्यातून डास गुणगुणला. मंडपवाला बेलाशक म्हणाला, "साहब, इसमें भाषण सुनिए, तब पता चलेगा." भाषणे भोपाळात मुबलक होती. फौज पुढे सरली.

दुसरे ठाणे रेडिओच्या झकपक दुकानी. तेथे शिसवी रंगाची, सोनेरी जाळीची नवी पेटी पाहून सेनापतींचे भान हरपले. पंतांनी आपले खास हिंदीत "थोडा कमती करो, हम सरकारी आदमी है" ऐसा जाबसाल केला. दुकानदार विनयाने वदला की, तोही सरकारी माणसांमुळेच हैराण आहे. किंमत ऐकून सगळ्यांनी जाळीवरची बोटे हळूच काढून घेतली.

तिसरे ठाणे इब्राहिमपुऱ्यात, मुन्नेखाँ मिस्त्रींचे. तेथे एकाच भावात दोन पेट्या होत्या. एक सुबक, हलकी, कापडाने मढविलेली. दुसरी काळी, ओबडधोबड. आत कोण्या बंद सिनेमागृहातला थोरला स्पीकर. पंतांचा हुकूम सुबक पेटीचा, कारण ती व्हरांड्यात शोभेल. लेखकाचेही मत तेच, कारण उचलणे त्यास होते.

मुन्नेखाँ खास भोपाळी बोलीत म्हणाले, "को खाँ, आवाज़ चाहिए या फ़र्नीचर? काली वाली भारी है, गरम होती है, हिलाओगे तो खरखर करेगी. ये मैं पहले बोल देता हूँ."

सुबक पेटीतून खर्ज आला, पण सर्दी जाहल्यासारखा. मग काळी पेटी लाविली. तिचे वाल्व्ह तापेतो चहा आला. नीळकंठरावांनी तार छेडिली आणि बशीतला चमचा थरथरला. नीळकंठरावांनी आपला तळहात पेटीवर ठेविला आणि पुन्हा एकवार तीच तार छेडिली. सौदा जाहला.

ऐसियास फत्ते जाहली म्हणून लेखणी ठेवावी, तो खरी आपत्ती पुढेच होती. दुसरे दिवशी व्हरांड्यात पेटी सज्ज जाहली. कमलिनीबाई विणकाम घेऊन समोर बसल्या. सिंधूबाईंनी भजन आरंभिले आणि नीळकंठरावांचा खर्ज प्रथमच सर्वांस स्वच्छ ऐकू आला. तो बेसूर होता. गाणे पूर्वेस चालले होते आणि खर्ज दक्षिणेस. आजवर ही फितुरी कोणास कळली नव्हती, कारण कोणास काही ऐकूच येत नव्हते. शिवाय खर्ज लयीत पक्का निघाल्याने तबला मागे रेंगाळतो हेही उघड जाहले. त्याचा तपशील येथे देण्याचे प्रयोजन नाही.

सिंधूबाई थांबल्या. कमलिनीबाईंनी सुया खाली ठेविल्या.

"आज ऐकू आलं," त्या म्हणाल्या. "हे असंच असतं का?"

"नाही," नीळकंठराव म्हणाले. "चुकतंय. मलाही आजच कळतंय."

पंतांनी त्यांस बाजूस नेऊन गुप्त मसलत दिली की, उत्सवाचे दिवशी पेटीचा दिवा लावावा, आवाजाचे बटण मात्र शून्यावर ठेवावे. दरारा राहील, इभ्रतही राहील. मसलत पक्की होती. लेखकाने तबल्यासाठीही ऐसी काही सोय आहे काय, ऐसे मनात विचारिले. नीळकंठरावांनी दिव्याकडे पाहिले, नंतर कमलिनीबाईंच्या रिकाम्या खुर्चीकडे. त्या चहा करावयास आत गेल्या होत्या.

"ती समोर बसणार," ते म्हणाले. "तिला कळेल."

मग रोज कचेरीतून आल्यावर ते आणि सिंधूबाई बसू लागले. बाई सूर देत, ते शोधीत. वाद्याचे मानेवर खडूच्या खुणा केल्या, त्या घामाने पुसल्या, पुन्हा केल्या. शेजारी उदयराव ओव्हरसियर दोनदा विचारपूस करून गेले, की पाण्याचा पंप बसविता की काय. बोटे सोलली. गंधार, मध्यम, धैवत हरप्रयत्ने वश होईनात. उत्सव दारी आला तेव्हा खात्रीचे स्वर दोनच होते, षड्ज आणि पंचम. नीळकंठरावांनी पंतांस स्वच्छ कळविले, की ते दोनच वाजवीन, बाकी ठिकाणी हात बांधून उभा राहीन. लोकांनी हसावयाचे ते हसावे.

उत्सवाचे संध्याकाळी मंडप भरला. भजनाचे पहिले कडवे सरले, नीळकंठराव नुसते उभे. मागून कोणी खोकले. मग धृपद आले आणि काळ्या पेटीतून षड्ज निघाला, खाली, रुंद, जमिनीबरोबर. पुढे योग्य जागी पंचम. मग बराच वेळ काही नाही; पुन्हा षड्ज. सिंधूबाईंचा आवाज त्या सुरावर ऐसा ठरला की, त्यांनी डोळे मिटिले, जे त्या गाताना कधी मिटीत नाहीत. पंतांनी अकॉर्डियन हलके केले. हा त्यांचा त्या सालातील थोर पराक्रम. तबला जमेल तैसा पोहोचत राहिला.

परतताना पेटी हातगाडीवर, तिचे मागे पतिपत्नी दोघे पायी.

"तो दुसरा सूर छान होता," कमलिनीबाई म्हणाल्या.

"पंचम," नीळकंठराव म्हणाले, आणि हातगाडी खड्ड्यातून सांभाळून काढिली.

सबब दफ्तरी दाखल करण्यात येते की, शके अठराशे ऐंशीचे भाद्रपदी राजश्री नीळकंठरावांनी षड्ज व पंचम हे दोन किल्ले भर मंडपात सर केले. उरलेला मुलूख सामर्थ्याबाहेरचा जाणून सोडून दिला, आणि सोडिला हे कोणापासून लपविले नाही. ऐसी फत्ते भोपाळ मुक्कामी जाहली. लिहिले ते खरे. लय तेवढी लेखकाची कच्ची.