नळीत शिरलेले आप्पा

ब्रेकची नळी उघडी असताना वडीलधाऱ्या माणसाने गाडीशेजारी उभं राहून सल्ला दिला, तर तो नळीत शिरतो आणि पेडल मऊ होतं. नुसती हवा शिरली असेल तर ती काढून टाकणं सोपं आहे. सल्ल्याचं तसं नाही. ज्याचा सल्ला, त्याच्याच पायाने तो बाहेर पडतो, आणि तो बाहेर पडत असताना त्या माणसाला तोंड बंद ठेवावं लागतं. आजऱ्यात ब्रेकच्या कामाला वेळ लागतो तो ह्या दुसऱ्या अटीमुळे.

मी डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडला. तेव्हापासून आमच्या गल्लीतल्या प्रत्येक म्हाताऱ्याला माझ्या डोक्यावर उभं राहायचा हक्क मिळालाय. मी जॅक लावला की ते जमतात. ह्याच लोकांना लग्नाला घरी जाऊन दोनदा सांगावं लागतं. जॅकला एकदाही नाही.

त्या दिवशीही जमले. आमच्या जुन्या व्हॅनचे ब्रेक बदलायला घेतले होते. बहीण मधुरा नर्स म्हणून सावंतवाडीला लागली होती आणि संध्याकाळी पाचच्या आत तिथे हजर झाली नाही तर तिची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती. सकाळची एसटी तिने सोडली, कारण आप्पा म्हणाले, "गाडी असताना एसटी कशाला?" गाडी तेव्हा चार विटांवर होती.

मागच्या चाकांपाशी हाजगुळकर मास्तर उभे राहिले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण समोर कुणी खाली बसलेला दिसला की त्यांना तो विद्यार्थी वाटतो. पुढच्या डाव्या चाकापाशी बाळकाका, जन्मभर एसटी चालवलेले. आणि उजव्या चाकापाशी, माझ्या मानेवर श्वास टाकत, आमचे आप्पा. मी तिघांनाही सांगितलं की नळी उघडी आहे, लांब व्हा. तिघेही पुढे सरकले.

"ब्रेकवर काय विसंबायचं?" आप्पा म्हणाले. "घाटात दुसऱ्या गिअरवर घ्यायची गाडी."

ब्रेक बदलताना ब्रेकवर विसंबू नका म्हणणारा माणूस माझा बाप आहे.

काम झालं. पेडलवर पाय ठेवला तर उशीवर ठेवल्यासारखा खाली गेला. मी चारही चाकांखाली झोपून बघितलं, ऑइल कुठेच गळत नव्हतं. पेडल पटापट मारलं की घट्ट व्हायचं, थांबलं की परत मऊ. पाय दाबून धरला तर हळूहळू बसतही नव्हतं, म्हणजे वरचा मास्टर सिलिंडर ठीक होता. मग चाकाला कान लावला. मागच्या डाव्या चाकात हाजगुळकर मास्तर बोलत होते.

"कोण?" मधुराने विचारलं. ती बॅग घेऊन पायरीवर बसली होती.

"मागे दोन्हीकडे मास्तर. पुढे बाळकाका. आणि इकडे आप्पा."

"घाटाला पुरेल का तेवढा ब्रेक?"

"चढायला पुरेल. उतरायला नाही."

"मला उतरायचंय, दाद्या."

पाण्याच्या रिकाम्या बाटलीत तळाला थोडं ऑइल घेतलं, त्यात बारीक नळी बुडवली आणि तिचं दुसरं टोक चाकावरच्या हवा काढायच्या नटाला लावलं. मास्तरांना सीटवर बसवलं. नियम समजावून सांगितला: दाबा म्हटलं की दाबायचं, नट बंद केला की सोडायचं, मधे बोलायचं नाही.

नट सैल केला. बाटलीत बुडबुडा फुटला आणि मास्तरांच्या आवाजात म्हणाला, "पाना उलटा फिरवतोयस."

"मी असं म्हणालोच नव्हतो," मास्तर वरून म्हणाले, आणि ते वाक्यही सरळ नळीत गेलं. पेडल आधीपेक्षा मऊ झालं.

शेवटी मधुराने त्यांना शेंगदाण्याची चिक्की दिली. त्यांच्या दातांना एक तुकडा दोन चाकं होऊनही उरला. बाळकाकांचं सोपं गेलं. तोंडात तंबाखूचा बार होता, त्यामुळे नियम आपोआप पाळला गेला. त्यांचे बुडबुडे मोठे होते. "आमच्या टायमाला ब्रेकच नव्हते," एक म्हणाला. दुसरा म्हणाला, "आणि आमचं काय अडलं?" काका गाडीतून उतरून लंगडत गेले. त्यांचा गुडघा कशाने गेला हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे.

राहिले आप्पा.

"मी कुठं काय बोललो?" आप्पा म्हणाले.

"चाकाला कान लावून बघा."

ते वाकले. बराच वेळ ऐकलं. मग कंबर धरून सरळ झाले. "हा मी नव्हे. हा तुझा आजोबा आहे. आवाज सारखा आहे आमचा."

आजोबांना जाऊन वीस वर्षं झाली. त्यांना पेडलवर बसवणं शक्य नव्हतं. प्रश्न मास्तरांपुढे गेला. मास्तरांनी चिक्की गालात सरकवली आणि निकाल दिला, "मयताचा सल्ला वारसाच्या पायाने निघतो. सखाराम, तू वारस म्हणून बस."

वारस म्हणून बसायला आप्पांची हरकत नव्हती.

नट सैल केला. "डिप्लोमा पुरा केला असता तर आज असा गाडीखाली लोळला नसता," बाटली म्हणाली. आजोबा गेले तेव्हा मी बालवाडीत होतो.

दाबा. बंद. सोडा. "ह्याच्याच्यानं व्हायचं नाही. दुसरा कोणी बघा." दाबा. बंद. सोडा. "हे एक पोरगं असं निघालं."

मी वर बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस तोंड उघडणार. जन्मात कधी गप्प बसला नाही, स्वतःच्या लग्नात भटजीला चूक काढून दाखवली होती. आता एक शब्द बोलला तर सगळं परत आत जाईल, घड्याळ पुढे जाईल आणि मधुराची जागा जाईल. आप्पांचा जबडा हलत होता. मधुरा पायरीवरून उठून खिडकीपाशी आली आणि त्यांच्याकडे बघत उभी राहिली. आप्पांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं, डोळे मिटले आणि दाबलं.

सगळ्यात शेवटी एक बारीक बुडबुडा आला. "घाटात दुसऱ्यावर घे," तो म्हणाला.

पेडल दगडासारखं झालं.

"म्हातारा बराच बोलायचा," आप्पा खाली उतरत आजोबांबद्दल म्हणाले, आणि पाय धुवायला गेले.

बाटलीचा प्रश्न होता. ते ऑइल कुठेही ओतता येत नाही. मागच्या आळीत इनासभाऊंनी गटारात ओतलं होतं, तर ते गटार अजून खाकरतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींना स्थळं सुचवतं. म्हणून झाकण घट्ट लावून बाटली मधुराच्या मांडीवर दिली आणि निघालो. आप्पा यायला तयार होते. मी नाही म्हटलं. ते फाटकात उभे राहिले, आणि नळ्या सगळ्या बंद असल्यामुळे गाडी वळेपर्यंत बोलत राहिले.

आंबोलीपर्यंत बाटलीत मास्तर आणि बाळकाका भांडत होते. पुढे उतार लागला. खाली दरी, समोर पहिलं मोठं वळण. मी ब्रेकवर पाय ठेवला. ब्रेक उत्तम लागत होता.

बाटलीतले दोघे गप्प झाले.

"दुसऱ्यावर घे," आतून आप्पा म्हणाले.

मधुराने माझ्याकडे बघितलं. मी दुसऱ्यावर घेतली.