सुभेदाराच्या मृत्यूचा दावा

"मयत तुमचे कोण लागत होते?" अंकिता वकीलबाईंनी आवाज हळुवार करून विचारलं.

"पोरगंच म्हना," धुळाने फेट्याच्या शेवाने डोळे पुसले. "सुभेदार."

"सैन्यात होते?"

"न्हाई. मेंढा हुता."

साताऱ्यातल्या आपल्या लहानशा ऑफिसात वकीलबाईंनी कागदावरचं 'मयत' खोडून 'मेंढा' लिहिलं. धुळाची बायको हरणाबाई शेजारच्या खुर्चीत पदर सावरून बसली होती. तालुक्याच्या दहिवडीला वकील नव्हते असं नाही. पण मेंढ्याच्या खटल्याला तिथे सगळा बाजार हसला असता, म्हणून धुळा माण तालुक्यातून थेट साताऱ्याला आला होता.

हकिगत साधी होती. शेजारच्या मानसिंगने पोराच्या लग्नात दारात डीजे लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी सुभेदार गोठ्यात आडवा. तेव्हापासून धुळाने मानसिंगशी बोलणं टाकलं होतं.

"माणूस असो की मेंढा, दावा लावणाऱ्याला चार गोष्टी सिद्ध कराव्या लागतात," वकीलबाई म्हणाल्या. "काळजी घ्यायची जबाबदारी समोरच्यावर होती. ती त्याने पाळली नाही. मरण त्यामुळेच आलं. आणि तुमचं नुकसान झालं. एक जरी निसटली तरी दावा पडला."

"नुसकान आदी लिवा. लय धीराचा गडी! एसटीला आडवा हुबा ऱ्हायचा. हारन मारून ड्रायवर दमायचा, पर ह्यो हलायचा न्हाई."

"आणि मेला कशाने?"

"डीजेच्या आवाजाला भिऊन."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "एसटीच्या हॉर्नला न हलणारा गाण्याला भ्याला?"

धुळाने जरा विचार केला. "आतनं भित्रा हुता."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"सरकारी डाक्तरांनी पोट फाडून बगितलं. मी रडत हुतो, मला काय आयकू आलं न्हाई."

वकीलबाईंनी नंबर घेऊन तिथल्या तिथे फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"तो मेंढा होय?" डॉक्टर म्हणाले. "पोटात बुंदी आणि भात गच्च भरलेला. मेंढराला एवढं एकदम पचत नाही, पोटात आम्ल होतं. डीजेचा काही संबंध नाही."

धुळाची कळी खुलली. "बगा! बुंदी मानसिंगाच्याच मांडवातली!"

"मेंढा मांडवात गेला कसा?"

"मीच न्हेला. नवरदेवासंगं फोटू काडायला."

"आणि बुंदी कोणी घातली?"

धुळा खिडकीतून बाहेर बघू लागला.

"मानसिंगने घातली का?"

"त्यो कशाला घालतोय! उलट माज्या हातातली पत्रावळ वडत हुता. म्हनला, गड्या, नगं घालू, बाधंल त्येला. मी म्हनलं, माज्या लेकराच्या तोंडचा घास काडतुयास व्हय रं? तितंच आमचं वाजलं."

वकीलबाई खुर्चीत मागे टेकल्या. "धुळाजी, मानसिंगवर दावा होत नाही. झालाच तर तुमच्यावर होईल, आणि तो मात्र पक्का आहे. फक्त वादी पाहिजे."

"म्या हाय की," हरणाबाई म्हणाली.

दोघांनी वळून बघितलं.

"दूध पाजून म्या वाडवला त्येला. लेकीच्या बाळंतपनाला गेलते, तवा सांगून गेलते ह्यास्नी, सुबेदाराकडं बगा म्हनून. ह्येंनी बुंदी चारली, त्यो मेला. आता गोठ्यात पाऊल टाकवत न्हाई मला." तिने पदराने नाक पुसलं. "ह्यात तुमचं ते चार आलं का, बाई?"

"सगळं आलं," वकीलबाई गंभीरपणे म्हणाल्या. "आणि भरपाई काय हवी?"

"येक कोकरू. आन त्येला ह्येंनी चारायचं न्हाई, नुसतं लांबनं बगायचं."

धुळा खुर्चीत सावरून बसला. "आगं, पर साक्षीला कोन हाय तुझ्याकडनं?"

"मानसिंग भावजी," हरणाबाई उठत म्हणाली. "चला. त्येंच्या दारात जाऊन तुमीच इचारा त्येस्नी, येता का म्हनून."