'त्रस्त' यांची ओळख

मिस्त्रींची बायको गेली. पुढची सगळी फजिती या 'गेली'मुळेच झाली, म्हणून तो शब्द आधीच सांगून टाकलेला बरा.

'वारली' म्हणणं मिस्त्रींना जमत नव्हतं. तसं बोलण्याचं त्यांना वावडं नव्हतं. लिफ्ट दुरुस्त करण्यात जन्म गेला, त्यामुळे प्रत्येक इमारतीत चार ओळखी. पण कोणी भेटायला आलं की ते "गेली" एवढंच म्हणत आणि उठून पंखा वाढवत. (थंडीच्या दिवसांत. पाहुणे लवकर उठत ते दुःखाने की गारठ्याने, हे मिस्त्रींना कधी कळलं नाही.)

बायकोचा मोबाइल ते रोज चार्ज करून ठेवत. कशासाठी, ते विचारू नका. एका दुपारी तो वाजला.

"बाई आहेत का?" पलीकडून एक हसरा आवाज आला.

"ती गेली."

"असं होय. परत कधी येतील?"

इथेच मिस्त्रींनी घसा साफ करून खरं काय ते सांगायला हवं होतं. पण त्या आवाजातला आनंद घालवायचं त्यांच्या जिवावर आलं. "सांगता येत नाही," ते म्हणाले.

"रविवारपर्यंत याव्यात. मी वाचनालयाची ग्रंथपाल. आमच्या लेखक मंडळात त्यांनी नाव दिलं होतं, आता जागा झालीय. पहिल्या बैठकीला सगळ्यांनी आपापली ओळख करून द्यायची असते. आलं नाही की जागा दुसऱ्याला जाते हो."

"नको, नको," मिस्त्री घाईघाईने म्हणाले, "जागा दुसऱ्या कोणाला देऊ नका. येणार."

फोन ठेवल्यावर आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी परगावी राहणाऱ्या मुलीला फोन लावला.

"तुझी आई लिहायची?"

"म्हणजे काय बाबा, तुम्हाला माहीत नव्हतं? स्वयंपाकघरात बसून रोज लिहायची की."

"मला वाटायचं सामानाची यादी करते."

"रोज?" मुलगी म्हणाली. "आपल्याकडे एवढं सामान यायचं का, बाबा?"

मिस्त्रींनी सगळे खण उपसले. काही मिळालं नाही. ती जुन्या बिलांच्या पाठीवर लिहायची आणि रद्दीबरोबर देऊन टाकायची, असं मुलगी म्हणाली. रद्दी खाली नेऊन द्यायचं काम घरात मिस्त्रींकडे होतं.

तेव्हा त्यांनी ठरवलं, रविवारी स्वतः जायचं, दारातच ग्रंथपाल बाईंना खरं सांगायचं आणि माघारी फिरायचं. पाच मिनिटांचं काम.

दारात बाई नव्हत्याच. एक धिप्पाड गृहस्थ छातीवर लावायचे बिल्ले वाटत उभे होते.

"टोपणनाव?"

"मला काही कल्पना नाही. मी आपलं एवढंच सांगायला आलोय की..."

"हा एकच उरलाय. 'त्रस्त'." गृहस्थांनी मिस्त्रींच्या चेहऱ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पुढे एक शब्द न विचारता बिल्ला त्यांच्या शर्टाला टोचला. "बसा. सुरू करतोय."

खुर्च्या गोल मांडल्या होत्या. ग्रंथपाल बाईंनी सुरुवात करायला सांगितलं, आणि बिल्लेवालेच आधी उठले. "मी रहदारी पोलीस. प्रेमकविता लिहितो. चौकात उभं असताना सुचतात. मध्येच शिट्टी वाजवावी लागते, त्यामुळे दुसरं कडवं कधी हाती लागत नाही."

त्यांच्या शेजारी दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. "मी रहस्यकथा लिहिते आणि पेशंटना वाचून दाखवते. तोंड उघडं असल्यामुळे आजवर कोणी नावं ठेवलेली नाहीत."

पलीकडची तरुण आई मांडीवरच्या बाळाला थोपटत म्हणाली, "हा झोपला की मी लिहिते. माझ्या एकाही कथेला शेवट नाही."

मग सगळ्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं. ते उठले.

"मी लिहीत नाही," ते म्हणाले. "मी लिफ्ट दुरुस्त करतो. लिहायची ती माझी बायको."

लोक हसले. सुरुवात झकास होती.

"बरोबर," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "'त्रस्त' हे टोपणनाव तुमच्या बाईंनीच घेतलं होतं. मग त्या कुठेत?"

"ती गेली. म्हणून मी आलो."

"रागावून गेल्या का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "काय केलंत तुम्ही?"

काय केलं, असं इतक्या दिवसांत त्यांना कोणी विचारलं नव्हतं. सगळे काय झालं, कसं झालं, एवढंच विचारत. मिस्त्रींना एकदम सांगावंसं वाटलं.

"मी तिचा स्वेटर धुतला," ते म्हणाले.

हशा पिकला.

"खरंच सांगतो. माझी कामावरची डांगरी ग्रीसने माखलेली होती. अख्ख्या इमारतीची लिफ्ट मी डोळे मिटून खोलीन, पण कपडे धुवायच्या मशीनवर एवढी बटणं कशाला लागतात, ते मला अजून समजलेलं नाही. मी सगळ्यात गरम पाण्याचं बटण दाबलं. स्वेटर आत कसा गेला कोण जाणे. बाहेर निघाला तेव्हा या बाळाला झाला असता."

पोलिसांनी मांडीवर थाप मारली. डॉक्टरीणबाई डोळे पुसत होत्या. बाळाच्या आईने मापाला बाळ जरा वर उचललं, तसं पुन्हा सगळे हसले.

"मग त्या चिडल्या असतील," ग्रंथपाल बाई हसू आवरत म्हणाल्या.

"नाही. ती त्याच्या आधीच वारली होती."

शब्द निघाला. मिस्त्रींना स्वतःलाच तो दुसऱ्या कोणाचा तरी वाटला. निघालाच आहे तर पुढचंही सांगून टाकावं म्हणून ते बोलत राहिले. "तो स्वेटर मी धुवायचा नाही म्हणून बाजूला ठेवला होता. त्याला तिचा वास होता. आता साबणाचा येतो."

डॉक्टरीणबाईंनी हातातल्या रुमालाची उगीचच घडी घातली. मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चांगली हसती-खेळती माणसं, आपण येऊन त्यांच्या आनंदावर पाणी ओतलं. "दारातच सांगणार होतो," असं म्हणत ते बिल्ला काढू लागले. टाचणी शर्टात अशी काही रुतली होती की निघता निघेना. पोलीस मदतीला आले, त्यांनी टाचणी आणखी वाकडी केली.

"राहू द्या तो," ग्रंथपाल बाई हळूच म्हणाल्या. "काका, नाव नोंदवताना मी त्यांना फोनवर विचारलं होतं, तुम्ही विषय कुठून आणता. त्या म्हणाल्या, आणावा लागत नाही, समोर सोफ्यावर बसलेला असतो."

मिस्त्री खाली बसले.

"जागा तुमची," बाई म्हणाल्या. "पुढच्या बैठकीला एक पान लिहून आणा."

छातीवर 'त्रस्त' मिरवत मिस्त्री भर बाजारातून घरी आले. वाटेत दोघा-तिघांनी सहानुभूतीने मान हलवली.

ते पान लिहायला त्यांना सगळा आठवडा लागला. स्वयंपाकघरात बसून पाहिलं, सोफ्यावर बसून पाहिलं. शेवटी जे घडलं तेच उतरवलं, आणि बैठकीत खाली मान घालून वाचलं.

एकदा त्यांच्याच इमारतीची लिफ्ट मध्येच अडकली. आत कोणी बाई होत्या. आतल्या माणसाला भीती वाटू नये म्हणून दुरुस्ती करताना बाहेरून बोलत राहायचं असतं, तसे मिस्त्री बोलत राहिले. विषय सुचेना, म्हणून बायकोबद्दल बोलले. ती घोरते कशी, वर आपण घोरतच नाही म्हणते कशी, आपली हत्यारं तिने कुठे कुठे लपवून ठेवली. आतून घोगऱ्या आवाजात "हं. आणखी?" असं येत राहिलं, तसा मिस्त्रींना चेव चढला. सासूपर्यंत पोचले तेव्हा दार उघडलं. आत बायको उभी होती. बाजाराची पिशवी उचलून ती एवढंच म्हणाली, "चला, उरलेलं घरी सांगा." घरी तिने त्याचं नावही काढलं नाही.

मग खूप वर्षांनी दवाखान्यात, ती डोळे मिटून पडलेली आणि मिस्त्री बाजूच्या स्टुलावर गप्प. काय बोलावं ते सुचत नव्हतं. तेव्हा तिने डोळे न उघडता, त्याच घोगऱ्या आवाजात विचारलं, "हं. आणखी?"

मिस्त्रींनी उठून पंखा कमी केला.

पान संपलं. बाळाच्या आईने पदराने डोळे टिपले. डॉक्टरीणबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. ग्रंथपाल बाईंनी विचारलं, "कोणाला काही सुचवायचंय?"

रहदारी पोलिसांनी हात वर केला. त्यांचेही डोळे लाल झाले होते.

"लिहिलंय फार छान," ते घसा खाकरून म्हणाले. "बायको तर अगदी समोर उभी राहते. पण नवरा पटत नाही हो. स्वतःच्या बायकोचा आवाज ओळखू येत नाही, इतका बावळट माणूस असतो का कुठे? तेवढं जरा कमी करा."

मिस्त्रींनी पानाची घडी घातली.

"कमी करूनच लिहिलंय," ते म्हणाले.