वाकडेपणा, किमान दोन मिलिमीटर

तिसरी 'ब'च्या खाऊदिनाला प्रत्येक मुलाने घरून बारा कपकेक आणायचे, ही शाळेची जुनी पद्धत. तिच्याबद्दल कोणाची कधी तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली ती कपकेकच्या डोक्यावर काय खोचायचं यावरून. काडीला चिकटवलेली रंगीत कागदी नक्षी, जिला दुकानात टॉपर म्हणतात, ती तयार आणावी की घरी करावी, या प्रश्नावर पालक समितीच्या तीन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत हा प्रश्न मुलांच्या चारित्र्याशी निगडित असल्याचं एकमताने ठरलं.

ठराव मांडला तो तपासनिसांनी. ते वजनमापं तपासणाऱ्या खात्यात होते. दुकानोदुकानी काटे तपासायचे, खोटं वजन सापडलं की जप्त करायचं, खऱ्यावर शिक्का मारायचा, असं त्यांचं आयुष्य सरळ रेषेत चाललं होतं. स्वतःच्या हाताने काम करण्याचं महत्त्व त्यांनी बैठकीत अर्धा तास सांगितलं. "तयार टॉपर म्हणजे मुलांच्या हातांवर दाखवलेला अविश्वास आहे," हे त्यांचं वाक्य इतिवृत्तात जसंच्या तसं आलं.

इतिवृत्तात न आलेली गोष्ट अशी, की मागच्या वर्षीच्या खाऊदिनाला त्यांनी स्वतःच लेकीसाठी बाजारातल्या सोनेरी चांदण्या आणल्या होत्या. शेजारच्या डब्यात कोणीतरी हाताने कापलेली, बऱ्यापैकी बेढब बदकं होती. त्या डब्याच्या मालकीणबाई, म्हणजेच समितीच्या अध्यक्षबाई, चांदण्यांकडे बघून म्हणाल्या होत्या, "छान आहेत हो तुमच्या. आम्ही मेलं घरीच करत बसतो." ते 'मेलं' तपासनिसांना वर्षभर टोचत होतं. माणसाला तत्त्वं कुठून सुचतील याचा नेम नाही, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक होतं, पण बैठकीत ते सांगायचं नसतं एवढंही ठाऊक होतं.

ठराव मंजूर झाला, आणि मग पंचाईत अशी झाली की टॉपर घरी केलाय हे ओळखायचं कसं. वर्गाच्या बाई म्हणाल्या, "मुलांना विचारू की. मुलं सांगतील." यावर तपासनीस मंद हसले. तोंडी हमीवर काटा पास करता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. लगेच एक तपासणी उपसमिती नेमण्यात आली, आणि तिचं प्रमुखपद अर्थातच त्यांच्या गळ्यात पडलं. मान त्यांनीच पुढे केली होती.

'हस्तनिर्मितीची किमान लक्षणे' या शीर्षकाचं परिपत्रक त्यांनी दोन दिवसांत तयार केलं. टॉपरची कड आखलेल्या रेषेपासून कुठेतरी किमान दोन मिलिमीटर भरकटलेली असावी. निदान एका ठिकाणी गोंद बाहेर आलेला दिसावा. बारांपैकी कोणतेही दोन टॉपर एकसारखे नसावेत. किमान एकावर पाल्याच्या अंगठ्याचा ठसा असावा. ज्यात ही लक्षणं आढळणार नाहीत, तो टॉपर बाजारातला समजण्यात येईल. सोबत नमुना 'ह' जोडला होता, त्यावर तपासणीच्या वेळी, तपासणाऱ्याने छापील प्रश्न विचारला की, पाल्याने 'हे मी स्वतः केले आहे' असं लिहून सही करायची होती. हे सगळं लिहिताना तपासनिसांना एकदा हसू आलं होतं. पण मजकूर टाइप झाला, खाली त्यांची सही झाली, आणि मग त्यात हसण्यासारखं काही उरलं नाही.

आता तपासनिसांच्या घराबद्दल सांगायला हवं. त्यांची बायको दातांच्या कवळ्या बनवायची. घरातल्या मागच्या खोलीत तिची छोटी कार्यशाळा होती. तिथे कोणाच्या तरी तोंडात उद्या बसायचे दात आज ओळीने टेबलावर बसलेले असत. शाळा सुटली की लेक त्याच खोलीत आईशेजारी स्टुलावर बसायची. लेकीला घरीदारी सगळे खारू म्हणत. कात्री कशी धरायची, कागद कसा फिरवायचा, काम करण्याआधी हात स्वच्छ का धुवायचे, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. बघून बघून ते हातात आलं होतं.

शनिवारी दुपारी तिने बारा टॉपर करून वडिलांपुढे मांडले. ते बूट होते. तिच्या बाकाच्या आसपास बसणाऱ्या बारा जणांचे. एकाच्या बुटाची नाडी कायम सुटलेली असते, तशी ती सुटलेली होती. एकीच्या बुटाला टाचेवर वेगळ्या रंगाचं ठिगळ होतं. नाड्या खऱ्या दोऱ्याच्या होत्या, आणि गाठ मागच्या बाजूला लपवली होती.

तपासनीस बघतच राहिले. पोटात आनंद मावेना. मग सवयीने त्यांचा हात खिशाकडे गेला आणि त्यांनी मोजमापाचं उपकरण काढलं. एकेका बुटाच्या कडेवरून ते फिरत गेलं तसतसा आनंद उतरत गेला. कमाल विचलन अर्धा मिलिमीटर होतं. गोंद कुठेही दिसत नव्हता. ठसा एकही नव्हता.

"खारू, हे फार नीट झालंय गं."

"हो ना," खारू म्हणाली. तिला ते कौतुक वाटलं.

"थोडं वाकडं करता येईल का? म्हणजे अगदी थोडं. खरं वाटेल असं."

"पण खरंच आहे की. मीच केलंय."

"ते मला माहितीये. नियमाला माहीत नाही."

खारूने विचार केला. "मग नियमाला सांगा ना, बाबा. तुम्हीच लिहिलाय."

यावर तपासनिसांकडे उत्तर होतं, पण ते आठ वर्षांच्या मुलीला समजेल असं नव्हतं. खरं तर ते चाळीस वर्षांच्या माणसालाही समजेल असं नव्हतं. उपसमितीच्या प्रमुखाच्याच मुलीचा डबा बाजारातला ठरला तर अध्यक्षबाई काय म्हणतील, एवढं एकच त्यांच्या डोक्यात घुमत होतं. तरी त्यांनी प्रयत्न केला. दुसऱ्या कागदावर त्यांनी स्वतः बारा बूट वाकडे कापले. बायको कवळी घासता घासता थांबली, चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाली, "अहो, हा वाकडेपणा मोठ्या माणसाचा आहे. लांबून कळतोय."

"मग करू तरी काय?"

"तिचे बूट द्या डब्यात आणि म्हणा, नियम लिहिताना माझी चूक झाली. एका वाक्याचं काम आहे."

ते एक वाक्य टाळण्यासाठी तपासनीस रविवारी सकाळी सजावटीच्या दुकानात गेले. तिथला काटा दरवर्षी तेच तपासत, त्यामुळे दुकानवाल्या बाई अदबीने उठल्या. तपासनिसांनी इकडेतिकडे बघत फुगे विचारले, रिबिनी विचारल्या आणि मग आवाज खाली आणून, घरी केल्यासारखे दिसणारे टॉपर मिळतात का, असं विचारलं.

"मिळतात की. परिपत्रक आलं त्याच दिवशी मागवले," बाई म्हणाल्या. "कितवीचा हवा?"

"म्हणजे?"

"वाकडेपणा इयत्तेप्रमाणे येतो. पहिलीचा जास्त, चौथीचा कमी. तिसरीचा अडीच मिलिमीटर आहे. गोंद वरच्या डाव्या कोपऱ्यात, आणि एका टॉपरवर ठसा. मुलाचा हवा की मुलीचा?"

तपासनिसांनी मुलीच्या ठशाचा, हत्तींचा संच घेतला. वळले तर मागे रांग होती. तिसरी 'ब'चे निम्मे पालक त्या रांगेत होते आणि सगळे मेणबत्त्या बघत होते. सर्वांत मागे अध्यक्षबाई होत्या. "मी आपली रिबिनीला आले होते," त्या म्हणाल्या. तपासनीस म्हणाले, "मीही." दोघांनी हवापाण्याबद्दल चौकशी केली आणि आपापल्या रिबिनी घेऊन ते घरी गेले.

खाऊदिनाच्या सकाळी तपासनिसांनी ओट्यापाशी उभं राहून बारा कपकेकवर बाजारातले हत्ती खोचले. वाकडे, गोंद आलेले, नियमात बसणारे. खारू वेणी घालून घेत बघत होती. बूट त्यांनी एका पाकिटात घालून तिच्या हातात दिले. "हे तुझ्या मैत्रिणींना दाखव. तुझे जास्त चांगले आहेत, म्हणूनच चालत नाहीयेत."  बायकोने वेणी जरा जास्तच घट्ट घातली.

शाळेच्या हॉलमध्ये तीस डबे मांडले होते. तपासनिसांनी पहिला उघडला. वाकडे हत्ती, गोंद वरच्या डाव्या कोपऱ्यात. दुसरा उघडला, गोंद वरच्या डाव्या कोपऱ्यात. डबा मुलाचा असो की मुलीचा, ठसा एकच होता, आणि अकराव्या डब्यापर्यंत तीच अंगठ्याची वळणं त्यांच्या इतकी ओळखीची झाली की रस्त्यात ते मूल भेटलं असतं तर त्यांनी हाक मारली असती. पण नियमात एका डब्यातले बारा टॉपर वेगळे असावेत एवढंच म्हटलं होतं. तीस डबे एकमेकांसारखे नसावेत असं कुठेही म्हटलं नव्हतं. तपासनिसांनी प्रत्येकापुढे 'योग्य' असा शेरा मारला. पालकांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

अडचण आली ती बाराव्या डब्यात. हत्तींच्या मधोमध सुटलेल्या नाडीचा एक बूट उभा होता. पुढच्या डब्यात आणखी एक निघाला. तपासणी सुरू होण्याआधीच खारूने ज्याचा बूट त्याला देऊन टाकला होता, आणि ज्याने त्याने तो मोठ्या हौसेने आपल्या डब्यात खोचला होता.

"हे काय? कोणीतरी बाजारातले घुसवलेत," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"खारूने केलेत ते," सुटलेल्या नाडीचा मालक म्हणाला. "हा माझा बूट आहे." त्याने पाय पुढे करून दाखवलाही.

"नाही रे बाळा. इतकं सुबक लहान मुलांना जमत नाही. हे मशीनवरचं काम आहे." अध्यक्षबाई तपासनिसांकडे वळल्या. "तुम्हीच मोजा. तुमचीच मुलगी आहे, तुम्हाला कळेलच."

 तपासनिसांनी बूट हातात घेतला. हे माझ्या मुलीने केलं आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की तिच्या डब्यातले हत्ती कोणी केले, हा प्रश्न येणार होता, आणि त्यानंतर उरलेल्या एकोणतीस डब्यांतले. एकोणतीस घरचे पालक त्यांच्याकडे बघत होते. त्या नजरांत विनंती होती आणि थोडी धमकीही होती. वर्गाच्या बाई मुलांकडे बघत होत्या. खारू वडिलांकडे बघत होती, अगदी निर्धास्तपणे, कारण तिला उत्तर माहीत होतं.

तपासनिसांनी मोजलं. "अर्धा मिलिमीटर," ते म्हणाले. "गोंद नाही, ठसा नाही. नियमानुसार बाजारातले."

बाराही बूट जप्त करून पाकिटात घालण्यात आले. 'मालक अज्ञात' असा शेरा तपासनिसांनी स्वतःच्या हाताने लिहिला. आजवर त्यांनी शेकडो खोटी वजनं जप्त केली होती, पण खरं वजन जप्त करण्याची ही पहिलीच वेळ होती. त्यांना लाज वाटली. पण कामकाज पुढे चालू होतं.

शेवटी खारूचा डबा आला. नमुना 'ह'मधला प्रश्न तपासणाऱ्याने स्वतः विचारायचा होता. तपासनिसांनी कागदावरची नजर वर न काढता तो विचारला. "हे टॉपर तू स्वतः केलेस का?"

खारूने जप्त केलेल्या पाकिटाकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "हो." आणि तिने खाली सही केली, कुठेही रेषेबाहेर न जाता.

तीसच्या तीस मुलांना प्रामाणिक हस्तकलेबद्दल प्रशस्तिपत्रक मिळालं. संध्याकाळी आईने कसं झालं म्हणून विचारलं तर खारू म्हणाली, "छान." त्यानंतर ती मागच्या खोलीत जाऊन बसली नाही. पुढच्या आठवड्यात शाळेने कागदाचं घर करून आणायला सांगितलं, तेव्हा तिने कात्री शोधलीच नाही. "बाबा, दुकानात जाऊया," ती म्हणाली. "मी केलं की ते खोटं वाटतं." तपासनिसांनी तिचा हात धरला आणि ते दुकानाकडे चालू लागले. वाटेत त्यांना सांगण्यासारखं पुष्कळ होतं. त्यातलं एक वाक्यही त्यांनी सांगितलं नाही.

तपासनिसांना तुम्ही हसला असाल तर त्यांची हरकत नाही, ते स्वतःही हसतात. फक्त तुमच्या बैठकीच्या खोलीत मुलाने काढलेलं म्हणून जे चित्र फ्रेम करून लावलंय, आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्याला जे तुम्ही आवर्जून दाखवता, त्यातला तो इतका गोल सूर्य नक्की कोणी काढला होता, एवढं आज मुलाच्या समोर उभं राहून मोठ्याने सांगा.