सात नंबरचा पेला

सात नंबरच्या पेल्याबद्दल लिहिताना एल्वीनोला स्वतःचंच इतकं कौतुक वाटलं, की पेन्सिल खाली ठेवून त्यानं सगळं पुन्हा एकदा वाचून काढलं.

‘वास: जिन्याखाली झोपलेलं ओलं कुत्रं. चव: खिडक्यांच्या काचा पुसायला उत्तम. द्राक्षाची जात: एके काळी तोकाय असावी, आता ओळख पटवायला नातेवाइकांना बोलवावं लागेल. शेरा: ज्यानं कुणी ही केली, त्यानं वेलींची हात जोडून माफी मागावी. गुण: शंभरापैकी अडतीस.’

दर मे महिन्यात, पहिल्या रविवारी, चर्चच्या हॉलमध्ये गावाची पांढऱ्या वाइनची स्पर्धा व्हायची आणि लोक वाइनपेक्षा एल्वीनोचे शेरे ऐकायला यायचे. जेवणानंतर आलिदाबाई ते मोठ्यानं वाचत, मग नंबरामागचं नाव जाहीर करत, आणि ज्याचं नाव निघे तो बिचारा पुढचे दोन महिने दाढी घरीच करून घेई. यंदा खरं तर एल्वीनो परीक्षक नव्हताच. पण सकाळी आठला कुणाची तरी गाय अडली, पाच परीक्षकांपैकी गुरांचे डॉक्टर तिकडे धावले आणि बाईंनी एल्वीनोला कॉफीवरून उठवून आणलं.

“पण बाई, आमच्या घरची बाटली आहे ना यात. नीवेसची.”

“प्रत्येकाच्या घरची आहे. ज्याचं इथे कुणीच नाही असा परीक्षक हवा तर रोमहून मागवावा लागेल, आणि रोमच्या माणसाला पांढऱ्यातलं काय कळतंय? बस खाली. ताठ बस.”

बाईंनी त्याला दुसरीत शिकवलं होतं. एल्वीनो आता एकसष्ट वर्षांचा होता, पण तो ताठ बसला.

लबाडीला तशी जागा नव्हती. प्रत्येक घरानं आपली बाटली लोकरीच्या मोज्यात गळ्यापर्यंत झाकून आणायची. दारात बाई ती ताब्यात घेणार, आतल्या स्वयंपाकघरात तिच्या गळ्यात नंबर अडकवणार आणि दाराआडच पेले भरणार. परीक्षकांसमोर यायचे ते नुसते अकरा पेले आणि एक थुंकायची बादली.

ती बादलीच नडली. चाखणं संपलं, बाईंनी गुणांचे कागद गोळा केले आणि “एल्वीनो, तेवढी बादली आत रिकामी कर” म्हणून फर्मावलं. आत खिडकीखाली अकरा बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. काळे मोजे, पट्ट्यापट्ट्यांचे मोजे, कुणा लेकराचे बदकांचे मोजे. आणि सात नंबरच्या बाटलीला करड्या रंगाचा मोजा, ज्याच्या टाचेला लाल लोकरीचं रफू.

एल्वीनोनं बादली खाली ठेवली. ते रफू त्यानं तीन हिवाळे स्वतःच्या टाचेखाली वागवलं होतं.

गेल्या सप्टेंबरात, तोडणीच्या आदल्या दिवशी, ट्रॅक्टरच्या पायरीवरून पडून एल्वीनोनं पाय मोडून घेतला होता. नाताळपर्यंत प्लास्टर. तळघराला चौदा पायऱ्या. एकतीस वर्षं त्या तळघरात त्याच्या बायकोनं, नीवेसनं, पिंपं धुतली, नळ्या धरल्या, दिवा धरला, आणि ती काही बोलायला गेली की एल्वीनो म्हणायचा, “सोड, तुला नाही कळायचं.” यंदा त्यानं पलंगावरून सूचना लिहून खाली पाठवल्या, रोज एक कागद. जातीत जात मिसळायची नाही, तोकाय वेगळी ठेव. (सरकारनं तिचं नाव बदलून कित्येक वर्षं झाली, पण कागदावर वेगळं आणि घरात वेगळं असायला तोकाय काही पहिलीच नव्हती.) पाय बरा झाल्यावर तो खाली उतरला, तर कोपऱ्यातल्या एका पिंपापुढे नीवेस हात पसरून उभी.

“हे माझं. याला हात लावायचा नाही. मे महिन्यात सगळ्यांबरोबर चाखशील.”

आणि आज सकाळी, त्याला परीक्षकांच्या टेबलाशी बसवलेलं पाहून तिचा चेहरा आधी पडला होता, मग ती म्हणाली होती, “बरं झालं. आज तरी नाव न बघता बोलशील.”

त्यानं नाव न बघता बोलून ठेवलं होतं. ओलं कुत्रं. आणि सर्वांत भयंकर म्हणजे, त्या कुत्र्याला त्याच्याच सूचनांप्रमाणे वाढवलेलं होतं.

तो बाहेर आला तेव्हा हॉलमध्ये मक्याच्या पोलेंटाचा वास सुटला होता. तिसऱ्या टेबलाशी नीवेस निळा ड्रेस घालून डुकराच्या मांसाची सलामी कापत होती. एकसारख्या, पातळ चकत्या; ती घाबरली की चकत्या पातळ व्हायच्या. आता पलीकडचं दिसत होतं.

एल्वीनो बाईंच्या खुर्चीशी गेला. बाई कागदांच्या गठ्ठ्यावर कोपर टेकवून बेरजा करत होत्या.

“बाई, माझा एक कागद जरा...”

“हात वर कर आधी.”

त्यानं हात वर केला.

“हं. काय?”

“सात नंबरचा कागद जरा बघायचा होता. अक्षर नीट आलंय का ते.”

“तुझं अक्षर त्रेपन्न वर्षांत नीट आलेलं नाही. आज काय येणार आहे? जा जागेवर.”

“बाई, गुणांत चूक झालीय. त्याच्या आधी मी लसणाची सलामी खाल्ली होती. तोंड बिघडलं होतं माझं.”

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “म्हणजे पुन्हा चाखणार?”

एल्वीनोला नियम पाठ होता. तोंड बिघडलं अशी कबुली देणाऱ्या परीक्षकाला पुन्हा चाखता यायचं, पण उभं राहून, सगळ्यांसमोर, काठोकाठ भरलेला पेला, आणि थुंकायचं नाही. उगाच कुणी उठू नये म्हणूनच तो नियम होता. आजवर कुणी उठलं नव्हतं.

“चाखतो,” तो म्हणाला.

बाईंनी चमच्यानं टेबल वाजवलं. “शांत बसा सगळे! एल्वीनोचं तोंड बिघडलं होतं. तो सात नंबर पुन्हा पिणार आहे.”

ऐंशी डोकी वळली. नीवेसची सुरी थांबली.

पेला आला. वासानं त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्यानं पहिला घोट घेतला आणि शरीर नको म्हणत असताना चेहऱ्याला हो म्हणायला लावणं किती अवघड असतं ते त्याला कळलं. त्यानं डोळे मिटले. दुसरा घोट. भुवया हळूच वर नेल्या. तिसरा. शवपेटीमागून चालताना लोक मान हलवतात तशी मान हलवली, आणि मग लक्षात येऊन तिच्यात थोडा आनंद मिसळला. पेल्याच्या तळाशी पोचला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता.

“काय सांगू,” तो म्हणाला. खरंच काय सांगावं ते त्याला कळत नव्हतं. “मी... मी आंधळा होतो. ही पहिल्या भेटीत बोलत नाही. लाजाळू आहे. पण मागून... मागून फार काही येतं.”

ते मागून येत होतंच. त्यानं ते गिळलं, आणि बाईंनी पुढे केलेल्या कोऱ्या कागदावर ब्याण्णव गुण लिहिले.

इथे संपलं असतं तर बरं होतं. पण एल्वीनोचं नाक म्हणजे गावचं घड्याळ होतं. लोक आपापली नाकं त्याला लावून घ्यायचे. त्याच्या शेजारी बसलेल्या औषधवाल्या एर्मेसनं सातला चव्वेचाळीस दिले होते. तो खुर्चीत चुळबुळला, मग उठला.

“बाई, माझंही तोंड... मी सकाळी खोकल्याची गोळी घेतली होती.”

“एर्मेस, नको!” एल्वीनो कळवळून म्हणाला. “तू बरोबर होतास!”

“मोठेपणा आहे तुझा,” एर्मेस म्हणाला आणि पेला भरून घेतला. पहिल्याच घोटाला त्याचा चेहरा आक्रसला; पण त्यानं एल्वीनोकडे पाहिलं, विचार केला, आणि सावकाश म्हणाला, “हो. हो हो. लाजाळू आहे.” सत्त्याऐंशी.

मग पोस्टातली बाई उठली, मग बेकरीवाला, मग शेवटी चर्चचा ऑर्गन वाजवणारा. कुणाच्या दातांत कळ होती, कुणी मिंट चघळला होता. कुणाला त्या वाइनीत मागून बाभळीची फुलं आली, कुणाला मध आला. एल्वीनो खुर्चीची कड धरून बसला. निदान एक झालं, तो मनाशी म्हणाला. ओलं कुत्रं तरी आता कुणी वाचणार नाही.

जेवण झालं. बाई उभ्या राहिल्या आणि खालून वर वाचत निघाल्या. अकरावा, दहावा, नववा. लोक हसत होते. एल्वीनोला काही ऐकू येत नव्हतं.

“दुसरा क्रमांक,” बाई म्हणाल्या, “अवघ्या अर्ध्या गुणानं हुकलेला. नंबर चार. एल्वीनोनं यावर काय लिहिलंय ते वाचते. ‘रिबोला, मालवाझिया आणि जुनी तोकाय, तिघी एकाच पेल्यात. एकत्र तोडलेल्या, एकत्र आंबवलेल्या, आमचे आजोबा करायचे तशा. पण एकमेकींवर ओरडत नाहीत. ज्यानं केली त्याला घाई नव्हती. मला ही जमली नसती.’ गुण पंच्याण्णव.” बाईंनी कागद उलटला. “ही वाइन नीवेसची.”

टाळ्या पडल्या. नीवेस जागची हलली नाही. तिचे कान तेवढे लाल झाले. तिनं सलामीची ताटली उगाच थोडी डावीकडे सरकवली, मग पुन्हा उजवीकडे.

एल्वीनोला आधी आनंद झाला, खराखुरा, अंगभर. मग त्या आनंदाला मागून काहीतरी येऊन धडकलं. ही चार. मग सात?

“पहिला क्रमांक, नंबर सात,” बाई म्हणाल्या. “तार्चीझिओ.”

हॉलच्या टोकाला एक दांडगा, एकटा राहणारा माणूस उठून उभा राहिला आणि रडू लागला. बांधावरच्या तुतीच्या झाडावरून तार्चीझिओ आणि एल्वीनो अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. आता तो टेबलं ढकलत आला आणि त्यानं एल्वीनोला मिठी मारली.

“तुझ्यासारखा माणूस नाही! सगळ्यांनी नाकं मुरडली, मी पाहिलं की दाराआडून. तू एकटा उठलास. एकटा!”

“अरे, तसं काही...”

“ते झाड तुझं. फांद्यांसकट तुझं. आणि हे घे.” त्यानं बाईंपुढे आणून ठेवलेल्या सात नंबरच्या बाटलीचा करडा मोजा ओढून काढला. “दारात मी उघडीच बाटली घेऊन आलो होतो, बाई आत घेईनात. नीवेस म्हणाली, दरवर्षी कुणीतरी विसरतोच, आणि पिशवीतून हा जास्तीचा काढून दिला. फार चांगल्या हातचा मोजा आहे, बाबा!”

हे सगळं तो नीवेससमोरच बोलला. ती पाठीमागे येऊन उभी होती. तिनं मोजा घेतला, टाचेचं लाल रफू पाहिलं, मग एल्वीनोकडे पाहिलं, आणि मोजा घडी करून पिशवीत ठेवला.

घराकडची वाट चढाची होती. दोन्हीकडे वेलींना कोवळी पानं आली होती. अर्ध्या वाटेपर्यंत ती काही बोलली नाही, आणि तिच्या न बोलण्याला एकतीस वर्षांचा सराव होता.

“एल्वीनो.”

“हं.”

“सात नंबरमध्ये तुला काय दिसलं?”

त्यानं दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. ती वाइन मला खरंच आवडली म्हणावं, तर चारबद्दलच्या त्या शब्दांची किंमत शून्य. खरं सांगावं, तर ‘ते कुत्रं मला तुझं वाटलं’ हे तोंडानं म्हणावं लागणार. वेलींच्या रांगा संपल्या तरी तिसरं काही सुचेना. मग एकदम सुचलं.

“नाक गेलंय माझं.”

“काय?”

“नाक. पडलो तेव्हापासून. बोललो नाही कुणाला.”

“पाय मोडला होता तुझा.”

“झटका वरपर्यंत जातो.”

नीवेस चार पावलं चालली. “मग चार नंबरवर जे लिहिलंस ते?”

“तेव्हा होतं,” तो घाईनं म्हणाला. “पाचव्या-सहाव्या पेल्याच्या सुमाराला गेलं.”

तिनं मान वळवून दुसरीकडे पाहिलं. तिचे खांदे हलत होते. चढाचा दम असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं.

“अख्खा पेला संपवलास मात्र,” ती म्हणाली. “एवढा मोठा.”

“नियम आहे.”

“हो. नियम आहे.” ती थांबली, आणि तिनं हात पुढे केला. “किल्ली दे.”

“कसली?”

“तळघराची. नाक गेलेल्या माणसानं पिंपांपाशी जाऊन करायचंय काय? यंदापासून मी बघीन. तू दिवा धर.”

एल्वीनोनं खिशातून किल्ली काढली. वडिलांनी त्याच्या हातात दिल्यापासून, प्लास्टरचे महिने सोडले तर, ती दुसऱ्या कुणाच्या हातात गेली नव्हती. “मी पाठवलेले कागद तरी बघत जा,” तो हळूच म्हणाला.

“बघत होते ना. ऑक्टोबरभर शेगडी त्यांच्यावरच पेटली.”

घरी पोचल्यावर ती एकटीच चौदा पायऱ्या उतरली. तो अंगणातल्या बाकावर पाय लांब करून बसला. ती वर आली ती कोपऱ्यातल्या पिंपातली सुरई घेऊन. तिनं त्याच्या पेल्यात दोन बोटं वाइन ओतली आणि एप्रनला हात पुसत समोर उभी राहिली.

“सांग.”

त्यानं पेला नाकाशी नेला. वरच्या रांगेवरची संध्याकाळची उन्हं, पावसाआधीचा दगड, पिकत आलेली नासपती, सगळं एकामागून एक आलं. त्यानं घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात ठेवला. नीवेस त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती, आणि तो चेहरा आवरणं त्याला दुपारपेक्षा जड जात होतं.

“काहीच कळत नाही,” तो म्हणाला, आणि पेला पुन्हा पुढे केला.